जाळी निघाली की आई भेटेल

जनूकाकांचा आठवडा फार गडबडीचा गेला.

सोमवारी फाटक मिटेना. काकांनी घड्याळाचा लंबक काढला, फाटकाला टांगला. फाटक मिटलं. धाप!

मंगळवारी घड्याळ चालेना. काकांनी पातेल्याच्या झाकणाची लाकडी मूठ काढली, घड्याळात टांगली. टिक टिक!

बुधवारी झाकण उचलेना. काकांनी नळाची चावी काढली, झाकणाला बसवली.

गुरुवारी नळ फिरेना. काकांनी त्याला पक्कडच लावून ठेवली.

"अहो," काकू म्हणाल्या, "एकाचं काढायचं, दुसऱ्याला लावायचं! मला तेवढं कशाला लावू नका."

शुक्रवारी काका भिंगातून मुंग्या बघत बसले. शनिवारी त्यांनी पतंगाला घुंगरू बांधलं. छुन छुन!

आणि रविवारी, ठाक ठाक ठाक! माळ्याच्या झरोक्याला जाळी ठोकली.

माळ्यावर खारीचं घरटं होतं. आत आई होती. तिचं पिल्लू झिपरी बाहेर खेळत होतं.

झिपरी आली, तुरुतुरु तुरुतुरु. बघते तर जाळी!

अलीकडे झिपरी. पलीकडे आई. नाकाला नाक लागेना.

"चिर्क," म्हणाली आई.

"चिर्क चिर्क," म्हणाली झिपरी.

तुरुतुरु तुरुतुरु, झिपरी गेली काकांकडे.

"जनूकाका, जनूकाका, जाळी काढा ना!
जाळी निघाली की आई भेटेल."

"अरेच्चा! आत कुणी होतं? मी पाहिलंच नाही! पण खिळे हातानं निघत नाहीत. पक्कड आण."

तुरुतुरु तुरुतुरु, झिपरी गेली नळाकडे.

"पक्कडबाई, पक्कडबाई, सूट ना गं!
पक्कड सुटली की जाळी निघेल,
जाळी निघाली की आई भेटेल."

"मी सुटले तर नळ वाहील. आधी चावी आण."

तुरुतुरु तुरुतुरु, झिपरी गेली स्वयंपाकघरात.

"चावीबाई, चावीबाई, सूट ना गं!
चावी सुटली की पक्कड सुटेल,
पक्कड सुटली की जाळी निघेल,
जाळी निघाली की आई भेटेल."

"मलाही नळाची आठवण येते गं. इथे नुसती वाफ! पण मी सुटले तर झाकण कसं उचलणार? आधी मूठ आण."

तुरुतुरु तुरुतुरु, झिपरी चढली घड्याळावर.

"मूठबाई, मूठबाई, सूट ना गं!
मूठ सुटली की चावी सुटेल,
चावी सुटली की पक्कड सुटेल,
पक्कड सुटली की जाळी निघेल,
जाळी निघाली की आई भेटेल."

"मलाही झाकणावर बसायचंय. इथे गरगरतं! पण मी सुटले तर घड्याळ थांबेल. आधी लंबक आण."

तुरुतुरु तुरुतुरु, झिपरी गेली फाटकाशी.

"लंबकदादा, लंबकदादा, सूट ना रे!
लंबक सुटला की मूठ सुटेल,
मूठ सुटली की चावी सुटेल,
चावी सुटली की पक्कड सुटेल,
पक्कड सुटली की जाळी निघेल,
जाळी निघाली की आई भेटेल."

"मलाही टिकटिक ऐकायचीय. पण मी सुटलो तर फाटक उघडेल. शेळी येईल, काकूंची मेथी खाईल. आधी दगड आण."

तुरुतुरु तुरुतुरु, झिपरी गेली पेरूखाली. तिथे एक गोल दगड होता.

"दगडोबा, दगडोबा, चल ना रे!
दगड आला की लंबक सुटेल,
लंबक सुटला की मूठ सुटेल,
मूठ सुटली की चावी सुटेल,
चावी सुटली की पक्कड सुटेल,
पक्कड सुटली की जाळी निघेल,
जाळी निघाली की आई भेटेल."

दगडानं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.



मग दगड हळूच म्हणाला, "मला बोलावतेस?"

"तुलाच."

"मला कुणी कधी बोलावलंच नाही गं."

"मी बोलावते ना! चल!"

दगड हलला. गडगड गडगड! फाटकाला टेकून बसला.

दगड आला, लंबक सुटला.
लंबक सुटला, मूठ सुटली.
मूठ सुटली, चावी सुटली.
चावी सुटली, पक्कड सुटली.

खटक खटक! पक्कड आली काकांच्या हातात. काका चढले शिडीवर. काकूंनी शिडी धरली.

"आता नीट बघा हो आत!"

"बघतोय, बघतोय!"

एक खिळा निघाला. कुईं! दुसरा निघाला. कुईं! सगळे निघाले.

जाळी निघाली.

झिपरी आत. सुर्र्!

नाकाला नाक लागलं.

आईनं शेपटी पसरली. झिपरी शेपटीत शिरली. डोळे मिटले. लगेच उघडले.

"आई, आहेस ना?"

"आहे."

डोळे मिटले. पुन्हा उघडले.

"आहेस ना?"

"आहे गं, आहे."

झिपरी शिरली शेपटीत,
आपण शिरू कुशीत.