खापरावरची पांढरी अंडी

एका घराच्या पडवीत काचेची एक मोठी पेटी होती आणि त्या पेटीत एवढासा समुद्र राहत असे. मुलांनो, ही फार मागची गोष्ट आहे. दुपारी पडवीत ऊन यायचे आणि पेटीतल्या पाण्याची झळझळ समोरच्या भिंतीवर हलत राहायची. घरची माणसे जेवून निजली की पाण्याची बुडबुड तेवढी ऐकू येई. आता ती पडवी नाही, पेटीही नाही. पण डोळे मिटले की ती भिंत मला अजून हलताना दिसते.

त्या पेटीत विदूषक माशांचे एक जोडपे होते. नारिंगी अंग आणि त्यावर पांढरे पट्टे. या माशांत मादी मोठी असते, नर लहान असतो आणि घरात चालते तेही मादीचेच. ही मादी खऱ्या समुद्रातून आलेली होती. नर मात्र अशाच एका काचेच्या पेटीत जन्मला होता. त्याने समुद्र पाहिला नव्हता आणि आपला बापही पाहिला नव्हता. पेटीत दुसरे मासेही होते, आणि शेजारी शंखात राहणारा एक खेकडा होता. त्याला दुसऱ्यांच्या घरात डोकावायची फार हौस.

एके दिवशी मादीने तळाशी पडलेल्या खापराच्या तुकड्यावर अंडी घातली. कणीएवढी, शेंदरी, एकमेकांना चिकटून बसलेली.

"अहो, आता तुमचं काम सुरू," ती म्हणाली.

"माझं? कसलं काम?"

"आमच्याकडे अंडी बापानं सांभाळायची असतात."

"आमच्याकडे म्हणजे कुठे?"

"म्हणजे समुद्रात! दुसरं माहेर आहे का मला?"

नर खापरापाशी गेला आणि आपल्या परांनी अंड्यांना वारा घालू लागला. अंड्यांना ताजे पाणी लागत राहावे म्हणून तसे करायचे असते. खाणे-पिणे विसरून तो तिथेच राहिला. मग एका सकाळी काही अंडी पांढरी पडलेली त्याला दिसली. त्याने ती तोंडाने उचलली आणि गिळून टाकली. हे त्याला कोणी शिकवले नव्हते. त्याच्या तोंडालाच ते ठाऊक होते.

खेकड्याने ते पाहिले. "अरे अरे अरे! स्वतःची पोरं खातोस? एवढी भूक लागली होती तर मला सांगायचंस. माझा घास दिला असता तुला!"

"ती खराब झाली होती," नर चाचरत म्हणाला.

"तुला कोण सांगून गेलं? उद्या पुन्हा शेंदरी झाली असती तर? बापानं वाट बघायची, की गिळायचं?"

नराच्या मनाला ते फार लागले. बाप कसा असतो हे त्याने कधी पाहिलेच नव्हते. त्याला वाटले, खेकडा म्हणतो तेच खरे असणार. त्या दिवसापासून त्याने एकही पांढरे अंडे उचलले नाही. उलट पांढऱ्या अंड्यांनाच तो जास्त वारा घालू लागला. आजारी लेकराजवळ बसतात ना, तसा.

"आता कसा शहाण्यासारखा वागतोस!" खेकडा म्हणाला.

पण पांढऱ्या अंड्यांवर कापसासारखी बुरशी आली. ती शेजारच्या चांगल्या अंड्यांवर पसरली आणि बघता बघता अर्धे खापर पांढरे झाले. मादी खाली आली तेव्हा तिला ते दिसले.

"अहो, हे काय होऊ दिलंत?"

नराने खेकड्याचे बोलणे सांगितले.

"आमच्याकडे," मादी हळू आवाजात म्हणाली, "शेजारी एक म्हातारा नर होता. एक पर फाटलेला. मी लहान, म्हणून मला त्याच्या अंगणात जायची बंदी. मी लांबून बघायची. तो पांढरी अंडी वेचायचा. एक वेचलं की थांबायचा. मग दुसरं. मला वाटायचं, किती दुष्ट आहे हा! मग एका रात्री त्याची पिल्लं निघाली. धुळीसारखी वर गेली चांदण्यात, आणि भरतीनं नेली. सकाळी बघते तर म्हातारा रिकाम्या दगडालाच वारा घालत बसलेला. घरचं आता तेवढंच आठवतं मला."

"पण मी उचललेल्यातलं एखादं जिवंत असलं तर?"

"ते जवळ जाऊनच बघायचं असतं. तिकडून खेकड्याला काय दिसणार?"

नर खापरापाशी गेला. त्याने एकेक अंडे निरखून पाहिले आणि गेलेले तेवढे उचलले. "राक्षस आहे, राक्षस!" खेकडा ओरडत होता. नराने मान वर केली नाही. शेवटी खापराच्या एका कोपऱ्यात मूठभर शेंदरी अंडी उरली. त्यांना तो वारा घालत राहिला, आणि त्यांच्यात चांदीच्या ठिपक्यांसारखे डोळे दिसू लागले.

मग एका संध्याकाळी पाण्यात माणसाचा हात आला आणि त्याने खापर उचलले. नर धावून गेला आणि बोटाला कडकडून चावला.

"राहू द्या हो," मादी म्हणाली. "आमच्याकडे न्यायला भरती यायची. इथे भरती नाही, म्हणून हात येतो. इथेच निघाली तर हीच सगळी शेजारीपाजारी मंडळी खातील त्यांना."

नराने बोट सोडले.

हाताने ते खापर शेजारच्या एका लहान पेटीत ठेवले; पिल्लांना उजेड सोसत नाही म्हणून तिला काळा कागद लावलेला होता. खापराजवळ बारीक बुडबुडे सोडले होते; नराचे पर करायचे तेच काम आता ते बुडबुडे करत होते. पिल्ले निघाली, केसाएवढी. हात त्यांना रोज हिरवट पाण्यात वाढवलेले, डोळ्यांनाही न दिसणारे किडे खाऊ घाली. काही पिल्ले गेली, काही तगली. तगलेल्यांच्या अंगावर पांढरे पट्टे उमटले, तेव्हा हाताने काळा कागद काढला.

सगळी पेटी काचेपाशी गोळा झाली. पलीकडे नारिंगी पिल्ले एकमेकांना ढुशा देत होती.

"वा, काय गोजिरी आहेत रे!" खेकडा म्हणाला. "सगळ्यांना वेगवेगळं ओळखतोस का तू?"

"नाही," नर म्हणाला. "ही सगळी मला सारखीच दिसतात. जी उचलली, ती मात्र एकेक आठवतात."

खेकडा पाय आखडून शंखात शिरला.

तात्पर्य : माया करणाऱ्याला कधी कधी निष्ठुर दिसावे लागते. लांबून पाहणाऱ्याच्या बोलण्याने त्याने आपले काम सोडू नये, आणि लांबून पाहणाऱ्याने त्याला नावे ठेवू नयेत. त्या कामाचे दुःख ज्याचे त्यालाच ठाऊक असते.