आठ दिवसांचा चहा

"आठ दिवस टिकणारा चहा कर!" हरणगडचे राजे रणधीरराव गरजले, आणि सिधोजीच्या हातातलं गाळणं खाली पडलं.

"आठ दिवस, सरकार?"

"आठ! सात नाही, साडेसात नाही!"

सिधोजी तीस वर्षं वाड्यात चहा करत होता. भरपूर साखर, ठेचलेलं आलं, दाट दूध! त्याच्या चहाच्या वासानं पहारेकरीसुद्धा जागे व्हायचे. पण सकाळचा चहा संध्याकाळपर्यंत आंबतो, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

भानगड सासुरवाडीच्या पंगतीत झाली होती. मेहुणे बळवंतराव मिशीवर ताव देत म्हणाले, "आमच्याकडचे लाडू महिनाभर टिकतात!" रणधीररावांना राहवलं नाही. "लाडवांचं काय घेऊन बसलात? आमच्या वाड्यातला चहा आठ दिवस टिकतो!" सगळी पंगत खो खो हसली. मेहुणे म्हणाले, "तुमच्या शिकारीच्या छावणीवर येतो. पाजा!" आता बोललेलं मागे घेतील ते रणधीरराव कसले!

"परवा सकाळी माझ्यासमोर चहा कर," त्यांनी सिधोजीला बजावलं. "भांड्याला माझी मोहोर लागेल. ती आठव्या दिवशी मेहुण्यांसमोरच फुटेल. चहा गोड हवा, गरम हवा, चव हीच हवी. नासला, तर पुन्हा वाड्याची पायरी चढू नकोस!"

सिधोजी घरी गेला आणि कामाला लागला. एक चहा तांब्याच्या कळशीत भरून तोंड बांधलं. दुसरा मडक्यात ओतून ओल्या वाळूत पुरला. तिसरा दोरानं विहिरीत सोडला. दुसऱ्या दिवशी झाकणं उघडली, तर कळशीतला फाटलेला, मडक्यातला आंबलेला, आणि विहिरीतल्या चहावर असा काही तवंग, की सिधोजीनं नाक धरून डोळेच मिटले.

"तीस वर्षांची चाकरी गेली, गोजरा," तो लेकीला म्हणाला.

गोजरानं तिन्ही भांडी हुंगली. "आबा, यात आधी काय नासतं?"

"दूध. आणि पाणी असलं की बाकीचंही टिकत नाही."

"आणि साखरेचा पाक घोटून केलेली आलेपाकाची वडी?"

"ती कशाला नासते? कोरडी ठेवली तर महिनोन्महिने राहते."

गोजरा उठलीच. "मग उद्या तुम्ही गुडघे शेकत बसा. चहा मी करते!"

सकाळी तिनं राजांसमोर चूल पेटवली. पाण्यात मूठमूठ चहा टाकून काळाभोर अर्क काढला, गाळला, त्यात आल्याचा रस आणि साखर घातली, आणि ढवळत राहिली, ढवळत राहिली. पाणी उडालं, पाक घट्ट झाला. तो थाळ्यात थापून तिनं वड्या पाडल्या, खडखडीत वाळू दिल्या आणि कोरड्या बरणीत भरल्या.

राजे डोळे फाडून बघत होते. "हा चहा?"

"चहाच, सरकार. वाटेत हिंदकळू नये म्हणून जरा बसवलाय."

"आणि नासला तर?"

"तर आबांच्या मागोमाग मीही पायरी उतरेन! फक्त माझी चंद्री गाय छावणीवर नेऊ द्या."

"गाय कशाला?"

"थोडं सामान तिच्यापाशी आहे, सरकार."

राजांनी कपाळाला आठ्या घातल्या. पण बरणीवर मोहोर उठवली.

आठव्या दिवशी छावणीत बळवंतराव ऐटीत येऊन बसले. "आणा तो पुरातन चहा! वैद्यालाही बोलावून ठेवा!"

मोहोर फुटली. गोजरानं झऱ्याचं पाणी उकळलं, त्यात वड्या विरघळवल्या, चंद्रीची धार काढली, दूध तापवून त्यात ओतलं आणि वाफाळते पेले पुढे केले.

राजांनी घोट घेतला. त्यांचा चेहरा उजळला. "अरे, हा तर सिधोजीचाच चहा!"

मेहुण्यांनीही पेला रिकामा केला. मिशा पुसल्या, आणि मग ओरडले, "फसवणूक! दूध तर आत्ताच काढलं!"

"काढलं आत्ता, रावसाहेब," गोजरा म्हणाली. "पण ठेवलं होतं चंद्रीच्या कासेत. इतकं निर्धोक भांडं कुठल्या तांबटाकडे मिळतं, सांगा!"

लोक हसू लागले. बळवंतराव लालबुंद झाले. "आणि पाणी? तेही आजचं! ताजं दूध, ताजं पाणी! मग हा आठ दिवसांपूर्वीचा चहा कसा?"

रणधीररावांनी हळूच गोजराकडे पाहिलं. गोजराच्या डोळ्यांपुढे आबा आले, चुलीपाशी गुडघे धरून बसलेले. मग तिनं पदर सावरला आणि हात जोडले.

"रावसाहेब, एक विचारू? आपण गेल्या आठवड्यात होता, तेच आज आहात ना?"

"हा काय प्रश्न झाला? तोच आहे मी!"

"आज सकाळी काय घेतलंत?"

"पेलाभर दूध. आणि पाणी."

"ताजं?"

"ताजंच! मी काय शिळं पितो?"

"मग आपण रोज ताजं दूध-पाणी पिऊनही तेच बळवंतराव राहता," गोजरा म्हणाली, "आणि माझ्या चहानं आठ दिवसांत एकदाच दूध-पाणी घेतलं, तर तो लगेच दुसरा कसा झाला?"

रणधीरराव असे हसले, असे हसले, की लोडावरून घसरले! शेवटी मेहुण्यांनाही हसू आवरेना. त्यांनी बोटातली अंगठी काढून गोजराच्या हातावर ठेवली. राजांनी वाड्यामागचं हिरवंगार कुरण चंद्रीच्या चरण्यासाठी गोजराच्या नावे करून दिलं, सिधोजीसाठी भरजरी पागोटं दिलं, आणि डोळे पुसत म्हणाले, "गोजरा, आणखी एक पेला! या बसवलेल्या चहाला पुन्हा उठव!"