सरळ बसण्याचा ठराव

फार जुनी गोष्ट. कावळ्यांनी "उलटे, उलटे!" म्हणून चिडवून चिडवून वटवाघळांना अगदी वैताग आणला होता. शेवटी चिंचेच्या झाडावर जमून मतदान झालं. निम्म्याहून थोडे जास्त पंख वर झाले आणि ठरलं, यापुढे सरळ बसायचं.

ते अमलात आणायचं काम म्हाताऱ्या चंद्राक्काच्या गळ्यात पडलं. तिनं विचारलं, "सरळ म्हणजे कसं रे?" एक म्हणाला, पोपटासारखं फांदीवर. दुसरी म्हणाली, घुबडासारखं ढोलीत. तिसरा म्हणाला, "मी तर कावळ्यांवरच्या रागानं मत दिलं!" ज्यांनी बसून पाहिलं ते धपाधप पडले. हरलेले हसले, जिंकलेले चिडले. समोर उंबर पिकला होता आणि भांडणापायी सगळे उपाशी.

निकाल मोडावा तर बंड, पाळावा तर हाडं मोडणार! चंद्राक्कानं पंख झटकले. "निकाल म्हणजे निकाल. प्रत्येकानं रोज सरळ व्हायचंच. शू करताना."

"पण अक्का, ते तर आपण आधीपासूनच करतो!"

"आधी ती सवय होती. आता तो आपला निर्णय आहे."

काय जल्लोष झाला म्हणून सांगू! सगळ्यांनी तिथल्या तिथे ठराव अमलात आणला आणि खालच्या फांदीवरचे कावळे चिंब भिजले.