राजाचे पाय दगडाचे झाले

एक होता राजा, आणि तो नुसता बसून होता. सकाळी सिंहासनावर बसायचा, तो दिवे लागले तरी तिथंच. हसू नका. त्याच्या बसण्याची गोष्ट वेगळी होती, बरं का.

राजाचं नाव जयभान. त्याची राणी रत्नावळी. घरात राजाची म्हातारी आई, तिला सगळे आईसाहेब म्हणायचे. आणि एक छोटी राजकन्या होती, शेवंता. होती म्हणते मी, कारण एका पावसाळ्यात तिला ताप आला. वैद्य आले, काढे झाले, नवस झाले. ताप काही उतरला नाही. शेवंता गेली.

मग राजानं काय केलं? दवंडी पिटवली. आजपासून या राज्यात शेवंताचं नाव कुणी काढायचं नाही. जो काढेल त्यानं राज्य सोडून जायचं. राजा दुष्ट नव्हता रे. ते नाव कानावर पडलं की त्याच्या काळजात कळ यायची, म्हणून त्यानं नावच बंद केलं. मग पाळणा अडगळीत गेला, झबली पेटीत गेली. माळीबाबांनी बागेतली शेवंतीची रोपंसुद्धा उपटली. फूल दिसलं की नाव तोंडात येणारच ना.

राणीला वाटायचं, आपण रडलो तर महाराज खचतील. आईसाहेबांना वाटायचं, आपण बोललो तर सून खचेल. म्हणून तिघंही गप्प. राजा सिंहासनावरच जेवायचा. आईसाहेब आपल्या महालात जेवायच्या. राणीचं ताट तर तसंच परत जायचं. एका छपराखाली राहून एकमेकांची तोंडं दिसायची ती फक्त सणासुदीला.

एकदा असाच सण आला. राणी सकाळी राजाच्या पाया पडायला गेली. वाकून तिनं पायांना हात लावला आणि चटकन मागे घेतला. पाय गार. नुसते गार नाहीत, कडक. तिनं बोटानं वाजवून पाहिलं, तर टक टक आवाज आला. राजाचे पाय घोट्यापर्यंत दगडाचे झाले होते. काळा कातळ असतो ना, तसे. नखं, शिरा सगळं जिथल्या तिथं, पण दगड.

"महाराज, तुमचे पाय," राणी म्हणाली.

राजानं खाली पाहिलंसुद्धा नाही. "माहीत आहे मला. दुखत नाहीत. दुखत नाही तेच बरं."

पाय पाहून बसला नव्हता एवढा धक्का तिला या बोलण्यानं बसला.

मग एकच धावाधाव झाली. वैद्यांनी तेल चोळलं, ते ओघळून जमिनीवर गेलं. शेक दिला, तर दगड तापला आणि पुन्हा गार झाला. प्रधानजींनी पाथरवटाला बोलावलं, म्हणे छिन्नीनं वरचा थर काढून बघू. राणीनं त्याला दारातूनच परत पाठवलं. आणि दगड आपला वर चढतच होता. आधी पोटऱ्या, मग गुडघे, मग मांड्या.

मग राणी आईसाहेबांकडे धावली. जुनं माणूस, काहीतरी उपाय सांगेल. आईसाहेब खिडकीशी बसल्या होत्या, हात पदराखाली.

"सूनबाई, तू कशाला आलीस ते मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "बघ तर मग." आणि त्यांनी दासीला पदर बाजूला करायला सांगितलं.

दोन्ही हात कोपरापर्यंत दगडाचे. दासी त्यांना घास भरवत होती, आणि हे कुणाला कळू द्यायचं नाही अशी त्यांनी तिला शपथ घातली होती.

"आईसाहेब, अहो, मला का नाही सांगितलंत?"

"तुझ्या मागे आधीच काय कमी आहे, बाळा."

राणी आपल्या महालात आली, दार लोटलं, पलंगावर बसली. आता तरी पोटभर रडावं असं तिला वाटलं. डोळ्यांत काहीतरी टोचायला लागलं. पापण्या जड झाल्या. आणि पाणी यायच्या ऐवजी टप्पकन एक खडा तिच्या मांडीवर पडला. करडा, वाटाण्याएवढा. तिनं तो उचलून उलटासुलटा करून पाहिला. तेवढ्यात दुसऱ्या डोळ्यातून दुसरा पडला.

म्हणजे आता आपली पाळी.

घाबरलात? मग या, जवळ सरका. पाय पांघरुणात घ्या.

राणी उठली आणि राजवाड्याबाहेर पडली. पालखी नाही, दासी नाही. कुठे जायचं ते तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. बसून राहायचं नाही, एवढं मात्र मनानं घेतलं. मग ती चालली, चालली. कितीतरी दिवसांनी अंगाला ऊन लागलं. घाम आला. टाचा दुखायला लागल्या, आणि दुखतात म्हणून तिला बरं वाटलं. दुखतंय म्हणजे अजून दगड झाला नाही. वाटेत विहिरीवर शेतातल्या बायका जेवायला बसल्या होत्या. त्यांनी कोण, कुठली, काही विचारलं नाही. "बस बाई, खा घासभर," म्हणाल्या. राणीनं भाकरी आणि ठेचा खाल्ला. तिखटानं नाक वाहायला लागलं. तरी ती खात राहिली, इतकी तिला भूक लागली होती.

पुढे एक खडकाळ माळ लागला. माळावर एक पडकं घर, आणि घरात माणसं बसलेली. बाप, आई आणि दोन मुली. प्रत्येकाचं तोंड वेगळ्या भिंतीकडे. राणीनं हाक मारली. कुणी वळलं नाही. जवळ जाऊन बघते तर काय, सगळी दगडाची. पार डोक्याच्या केसांपर्यंत. ती मटकन खाली बसायला गेली.

"जपून बाई, माझी अंडी आहेत तिथं," कुणीतरी म्हणालं.

ती होती टिटवी. लांब लांब पिवळे पाय, डोळ्यांपुढे लाल ठिपका. तिची अंडी खड्यांमध्येच ठेवलेली, खड्यांसारखीच दिसणारी. पाखरू बोलतंय म्हणून राणी दचकली. पण त्या दिवशी तिनं इतकं काही पाहिलं होतं की तिनं सरळ विचारलं, "ही माणसं अशी कशानं झाली गं?"

"गप्प बसून," टिटवी म्हणाली. "यांचा धाकटा मुलगा पुरात गेला. त्यानंतर या घरात त्याच्याबद्दल कुणी कुणाशी बोललं नाही."

"तू तर इथंच राहतेस. तुला कसं काही झालं नाही?"

"माझंही एक अंडं सापानं खाल्लं, बाई. मी या माळावर ओरडत फिरले. अजून आठवण आली की ओरडते. लोक म्हणतात, टिटवी ओरडली, अपशकुन झाला. म्हणेनात का. माझे पंख बघ." आणि तिनं पंख उघडून दाखवले. वाऱ्यावर त्यांची पिसं थरथरत होती.

राणी तशीच मागे फिरली. राजवाड्यात पोचली तेव्हा सूर्य मावळत होता, आणि दगड राजाच्या छातीपर्यंत आला होता.

मग तिनं आधी काय केलं? तिघांची ताटं सिंहासनापाशी मांडून घेतली. एक घास राजाला, एक आईसाहेबांना, एक आपल्याला. तिघं एकत्र जेवली. पण दगड काही हलला नाही. सकाळी तिनं भोई बोलावले आणि सिंहासन उचलून अंगणात उन्हात आणलं. राजाच्या गालांवर थोडा रंग आला. पण दगड काही हलला नाही.

मग राणी प्रधान, शिपाई, दासदासी सगळ्यांच्या देखत उभी राहिली आणि म्हणाली, "शेवंता."

प्रधानजींच्या हातातली काठी गळून पडली. राजा पांढराफटक पडला.

"राणी, हुकूम ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. आज संध्याकाळी राज्य सोडून जाईन. आत्ता मात्र बोलणार. शेवंताला दूध आवडायचं नाही. ती पेला कुंडीत ओतायची आणि प्यायल्यासारखं तोंड पुसायची."

मग आईसाहेबांचा आवाज आला. "माझ्या दारातली कुंडी ती. मी बघायचे, पण कधी सांगितलं नाही कुणाला." आणि त्या हसल्या. हसता हसता त्यांना रडू फुटलं. डोळ्यांतलं पाणी दगडी हातांवर पडलं आणि दगडाला बारीक तडे गेले. आतून बोटं हलायला लागली.

राणीच्या डोळ्यांतून एक खडा पडला, आणखी एक पडला, आणि मग पाणीच पाणी.

राजा मात्र तसाच. दगड गळ्यापाशी आलेला. राणीनं त्याच्या गालाला हात लावला. मग त्याचे ओठ हलले.

"ती माझ्या पाठीवर बसायची," राजा म्हणाला, "आणि म्हणायची, चल रे हत्ती."

आणि राजाला हुंदका आला. राजाला रडताना आजवर कुणी पाहिलं नव्हतं. सगळे हबकून बघत राहिले. छातीवरचा दगड कड कड तडकला आणि त्याच्या कपच्या खाली गळायला लागल्या.

"दुखतंय," राजा म्हणाला. "रत्नावळी, फार दुखतंय गं."

"दुखू दे," राणी म्हणाली. "मी इथंच आहे."

राजा लगेच धावायला लागला नाही हं. दगडातून सुटलेले पाय ते. लहान बाळासारखं पाऊल पाऊल शिकावं लागलं त्याला. पायाची एक करंगळी तर दगडाचीच राहिली, कायमची. थंडीत ठणकायची. पण तो चालायला लागला. आणि चालायला लागल्यावर राणीला म्हणाला, "तू राज्य सोडून जाणार होतीस ना? हुकूम माझाच आहे, मोडायचा कसा? चल, मीही येतो." मग राजा, राणी आणि आईसाहेब गाठोड्यात भाकरी बांधून चालत चालत वेशीपलीकडे गेली, झाडाखाली जेवली, शेवंताच्या गोष्टी बोलली, आणि दिवे लागायच्या आत घरी आली. दुसऱ्या दिवशी राजानं तो हुकूमच रद्द केला.

पुढे ती सगळी खूप वर्षं जगली, कधी हसली, कधी रडली, आणि सुखात नांदली.

चला, संपली गोष्ट. मिटा डोळे. आणि कुणाच्या पोटात काही सांगायचं राहिलं असेल, तर आत्ता माझ्या कानात सांगा आणि झोपा. मी जागी आहे.