स्वप्नात जागा झालेला राजा

सोमकूट नगरीवर महीसेन राजाचा अंमल होता, त्या काळी बोधिसत्त्वाने एका न्हाव्याच्या घरी जन्म घेतला होता. त्याचा हात इतका हलका की वस्तरा गालावरून कधी फिरला ते समोरच्याला कळतही नसे. लोक त्याला मृदुपाणी म्हणत. सतरा वर्षे तो राजाची दाढी करीत होता आणि त्या सतरा वर्षांत राजाच्या हनुवटीवर रक्ताचा एक थेंब आला नव्हता.

महीसेन तसा वाईट राजा नव्हता. कर बेताने घेई, वाद नीट ऐकून घेई. पण त्याच्या दरबारात एक विलक्षण रीत होती. पहाटेचे स्वप्न खरे होते असे इतर नगरांत नुसते म्हणतात. सोमकूटमध्ये त्यावरून न्याय करीत. राजाने पहाटेचे स्वप्न भर सभेत सांगायचे, पुरोहित पिंगलकाने त्याचा अर्थ लावायचा आणि स्वप्नात ज्याने जे केले त्याचे फळ त्याच्या पदरात टाकायचे. राजा खोटे बोलत नाही, मग साक्षीदार हवेत कशाला? कोठारावरच्या एका आळशी माणसाने राजाला स्वप्नात खीर वाढली, तर तो एका दिवसात कोठाराचा प्रमुख झाला. तेव्हापासून राजाच्या निजण्याच्या वेळी त्याच्यासमोरून हसतमुखाने जाणाऱ्यांची रीघ लागे. इथपर्यंत गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी होती. पण ज्यांच्या हातून स्वप्नात वाईट घडे त्यांना देश सोडावा लागे, आणि कधी कधी त्याहूनही जास्त गमवावे लागे.

एके दिवशी सभा भरली तेव्हा राजाचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो म्हणाला, "आज पहाटे मृदुपाणीने माझा गळा चिरला."

पिंगलकाने अर्थ लावायला फारसा वेळ घेतला नाही. "यात लावायचा अर्थ कसला, महाराज? वस्तरा रोज त्याच्याच हातात असतो. सूळ उभा करा."

मृदुपाणीला पुढे आणले. भीती वाटली नाही असे नाही. पण त्याने राजाच्या डोळ्यांकडे पाहिले, तर तिथे आपल्यापेक्षा मोठी भीती त्याला दिसली, आणि त्याला राजाची दया आली. तो म्हणाला, "महाराज, एकच विचारतो. स्वप्नात माझा वस्तरा कोणत्या हातात होता?"

"उजव्या," राजा म्हणाला.

"मी डावखुरा आहे, महाराज. सतरा वर्षे तुमची दाढी याच हाताने करतो आहे." त्याने डावा हात वर केला.

सभेत कुजबुज सुरू झाली. पिंगलक मात्र कशालाच अडत नसे. "स्वप्नात उजव्याचे डावे होते, हे शेंबडे पोरही सांगेल!"

"मग खुनी माणसाचा निर्दोष माणूस का होत नाही?" मृदुपाणीने शांतपणे विचारले. "महाराज, मला सात दिवस द्या. स्वप्न म्हणजे काय ते मी सांगणार नाही, तुमचे तुम्हालाच पाहता येईल असे करीन. नाही जमले तर सूळ कुठे पळून जात नाही."

राजाने सात दिवस दिले आणि तोवर न्हाव्याला वाड्यातच पहाऱ्यात ठेवले. मृदुपाणीने राजाला शिकवले ते एवढेच: "कुठलाही उंबरठा ओलांडला की बोटातल्या मुद्रेवरची अक्षरे वाचायची, नजर काढून घ्यायची आणि पुन्हा वाचायची. मग मनाला विचारायचे, मी जागा आहे का? स्वप्नात मन उतावीळ असते, महाराज. एकदा घडवलेली वस्तू दुसऱ्यांदा तशीच घडवायचा त्याला कंटाळा येतो, म्हणून अक्षरे बदलतात. दिवसा सवय लागली की झोपेतही हात आपोआप वर येईल."

राजा दिवसभर उंबरठ्या-उंबरठ्यावर थांबू लागला. त्याचे पाहून दरबारीही आपापल्या अंगठ्या वाचू लागले. सेनापतीकडे अंगठी नव्हती, तो तलवारीच्या मुठीवरचे नाव वाची. पण राजाला भीतीने झोपच धड लागेना, तर स्वप्न कुठून पडणार? पाच दिवस गेले, सहावा उजाडला. पिंगलक सुळाचे लाकूड स्वतः जाऊन पाहून आला.

सहाव्या दिवशी दुपारी मृदुपाणीची बायको कंचना पहारेकऱ्याच्या हातापाया पडून त्याला भेटायला आली. "घाटावर नाव उभी आहे," ती हळूच म्हणाली. "पहारेकऱ्याचा भाऊही स्वप्नापायी देशोधडीला लागलाय. पहारेकरी तोंड फिरवून उभा राहील. चला."

"मी पळालो की राजाचे स्वप्न खरे ठरेल, कंचना. मग उद्या कोणाचाही गळा सुरक्षित नाही. राजाचाही नाही. तो भीतीनेच मरेल."

"आणि माझे काय? राजाची एवढी काळजी, माझी नाही?" ती रडू लागली. रागावलीही होती, आणि तिचे चुकत नव्हते.

मृदुपाणीने तिचे डोळे पुसले. "तुझी काळजी आहे म्हणूनच सांगतो. उद्या संध्याकाळी मी घरी जेवायला येईन. भाकरी ताजी हवी."

सातव्या दिवशी सकाळी तो राजाला म्हणाला, "महाराज, आठवडाभर दाढी वाढली आहे. जायच्या आधी माझे काम पुरे करू द्या. असा खुरट्या दाढीचा राजा मला बघवत नाही."

राजाने मुद्रा एकदा वाचली, पुन्हा वाचली. मग अंगणात चौरंग मांडायला सांगून तो बसला. नागव्या तलवारी घेऊन चार शिपाई भोवती उभे राहिले. पिंगलकही आला, कारण असा प्रसंग चुकवणे त्याच्या स्वभावात नव्हते.

मृदुपाणीने कोमट पाण्याने राजाचे गाल भिजवले आणि वस्तरा चालवू लागला. सहा रात्रींचा जागा माणूस आणि तो सवयीचा हात. अर्धी दाढी होते न होते तोच राजाची मान कलली. तो गाढ झोपला होता. मृदुपाणी थांबला नाही. वस्तरा गळ्याशी आला. त्याच क्षणी राजाने झोपेतच किंचाळून मान पुढे झोकली, थेट पात्यावर.

वस्तरा मागे घ्यायला वेळ नव्हता. मृदुपाणीने आपला उजवा तळवा मध्ये घातला. पाते तळव्यात रुतले आणि रक्त राजाच्या मांडीवर ठिबकू लागले. शिपायांनी तलवारी उगारल्या. "मारा, मारा!" पिंगलक ओरडला.

"उठवू नका," मृदुपाणी पुटपुटला. "बघा."

राजाचा हात झोपेत हळूहळू वर येत होता. मुद्रेचे बोट डोळ्यांसमोर आले, खाली गेले, पुन्हा वर आले. त्याच्या कपाळावरच्या आठ्या विरल्या. मग राजा झोपेतच हसला. तलवारी होत्या तिथेच राहिल्या.

थोड्या वेळाने त्याने डोळे उघडले. मांडीवरचे रक्त पाहून त्याने आधी स्वतःचा गळा चाचपला. मग मुद्रा वाचली, नजर काढली, पुन्हा वाचली. अक्षरे तीच होती. मग त्याला न्हाव्याचा तळवा दिसला.

"स्वप्नात तू वस्तरा घेऊन आलास," राजा सांगू लागला. "मी हात आडवा धरला, तर मुद्रेवर माझे नाव होते. पुन्हा पाहिले तर तिथे मासा होता. मग मला कळले. मी तुला विचारले, का मारतोस मला? तू म्हणालास, 'महाराज, इथे तुमच्याखेरीज दुसरे आहे कोण? वस्तरा तुमचा, गळा तुमचा, हातही तुमचाच.' मी आजूबाजूला पाहिले. भिंती, दिवा, भीती, सगळे माझ्याच मनाचे होते. भिण्यासारखे काही उरलेच नाही." मग थांबून त्याने विचारले, "पण मृदुपाणी, ते इतके खरे वाटत होते. हेही स्वप्नच नसेल कशावरून?"

"या प्रश्नाची घाई नको, महाराज. तो विचारत राहणाराच जागा होत जातो."

राजाने आपल्या उपरण्याची पट्टी फाडून न्हाव्याचा हात बांधला. "माग. पुरोहिताचे आसन माग, ते देतो." पिंगलक हे ऐकून दोन पावले मागे सरकला.

"मला वस्तरा पुरे आहे. स्वप्नापायी ज्यांना देशाबाहेर काढले, त्यांना परत बोलवा."

"आजच बोलावतो. सगळ्यांना." राजा उत्साहाने नावे घेऊ लागला. माळी, दोन सारथी, पहारेकऱ्याचा भाऊ. मग तो एका नावापाशी अडखळला. पुंडरीक नावाचा माहूत होता. त्याने स्वप्नात राजावर हत्ती घातला होता, आणि दोन वर्षांपूर्वी त्याला सुळावर चढवले होते.

"त्याला कसा आणू?" राजाने विचारले.

मृदुपाणीने वस्तरा पुसून खाली ठेवला. राजाने पुन्हा विचारले.

"त्याला आणता येणार नाही, महाराज," तो म्हणाला. "यालाच जागेपण म्हणतात."

राजाने दोन्ही हातांनी तोंड झाकले आणि सगळ्यांदेखत रडला. त्या दिवसापासून सोमकूटमध्ये कोणाच्याही स्वप्नावरून कोणाचाही न्याय झाला नाही. पुंडरीकाच्या म्हाताऱ्या आईकडे राजा स्वतः पायी गेला. आणि मृदुपाणी संध्याकाळी घरी जेवायला गेला. डाव्या हाताने जेवायची त्याला सवय होतीच.

कित्येक जन्म लोटल्यावर जेतवन विहारातल्या एका भिक्खूने स्वप्नात आपल्या सोबत्याला आपले भिक्षापात्र फोडताना पाहिले होते. पात्र शाबूत होते, तरी शेजाऱ्याचे ऐकून तीन दिवस त्याने सोबत्याशी अबोला धरला होता. त्याला ही कथा सांगून भिक्खूंचा गुरू शास्ता म्हणाला, "तेव्हाचा महीसेन राजा तू होतास. तुझे कान भरणारा तुझा शेजारी पिंगलक होता. तुझा सोबती पुंडरीक होता. आणि मृदुपाणी न्हावी मीच होतो. जे मनाने रचले ते मनाचे म्हणून ओळखावे, आणि जे हाताने घडते ते जपून घडवावे. ही प्रज्ञापारमिता, शहाणपणाची परिपूर्णता."

तो भिक्खू उठला आणि सोबत्याला शोधायला गेला.