बादलीचा उद्धार

"मग काय केलंस तू?"

"काय करणार, बाबा? भर वर्गात त्याचा उद्धार केला."

बाबा विहिरीच्या काठावर पालथे पडले होते. हातात दोर, दोराच्या टोकाला लोखंडी आकड्यांचा गळ. तळाशी बुडालेली बादली ते गळाने चाचपत होते.

बाबा म्हणजे रेव्हरंड एलिया उजगरे, गावच्या ख्रिस्ती देवळाचे पाळक आणि मिशन बोर्डिंगचे प्रमुख. समोर उभा विल्यम मकासरे याच बोर्डिंगात वाढलेला, आता इथेच मास्तर. शिस्तीला कडक, आणि शर्टाची इस्त्री त्याहून कडक.

"त्याचा एकट्याचाच?"

"त्याच्या बापाचासुद्धा. दारुड्याचं पोर, आणखी काय निपजणार, म्हटलं."

"बापाचाही..." बाबांनी दोर हलवला. "दर रविवारी घसा कोरडा करतो मी. मला नाही साधलं अजून. तुला एका तासात जमलं."

टोमणा विल्यमला कळला, पण त्याने कळल्याचं दाखवलं नाही. तो आपलं गाऱ्हाणं सांगत राहिला. सातवीतल्या अमोसने गृहपाठ केला नव्हता. बोलणी बसली तशी कार्टं उठून बाहेर गेलं आणि बोर्डिंगची एकुलती एक धड बादली त्याने विहिरीत भिरकावली. आज सकाळी सगळी पोरं बिनआंघोळीची. म्हणून विल्यमने त्याला पेटी भरायला लावली होती. अमोस फाटकाशी पेटीवर बसला होता, दुपारच्या एसटीची वाट बघत.

फक्त बाबांनी हो म्हणायचं होतं. एकदा घरी गेला की हा मुलगा पुन्हा शाळेचं तोंड बघणार नाही, हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं.

"प्रभू क्षमा करतो, हे मी पण शिकवतो, बाबा. पण मग शिस्त नको का?"

"हवी तर."

"मग?"

बाबा उठून बसले. त्यांना दम लागला होता. त्यांनी दोर विल्यमच्या हातात दिला.

"माझा हात पुरत नाही. तू काढ."

विल्यमने कपडे सांभाळत, उभ्यानेच गळ सोडला. गळ दगडावर वाजला आणि रिकामा वर आला. दुसऱ्यांदाही तेच.

"चिखलात रुतलीय. अशी नाही निघायची."

"मग उद्धार कर की तिचा."

"...म्हणजे?"

"काल केलास तसा. तिच्या बापालाही सोडू नकोस."

विल्यम हसला नाही. त्याला लाज वाटली, आणि ती लपवायला तिथे जागाही नव्हती.

मग तो शेवाळावर पालथा पडला. छाती काठाबाहेर काढून त्याने हात खांद्यापर्यंत खाली सोडला. बाबांनी त्याचे पाय धरले.

गळ फिरला, अडला, सुटला... पुन्हा अडला.

बादली वर आली ती गाळाने भरलेली. विल्यमने ती उपडी केली, धुतली. एका बाजूला मोठा पोचा पडला होता.

"चेपली, बाबा."

"गळते का?"

त्याने पाणी भरून पाहिलं. गळत नव्हती.

वळणावर एसटीचा हॉर्न वाजला. फाटकाशी बसलेला अमोस उठून उभा राहिला.

"बोलावून आणतो त्याला," विल्यम म्हणाला. "आज सगळ्यांचं पाणी तोच शेंदेल." दोन पावलं टाकून तो थबकला. शर्टाकडे बघितलं. छातीपासून कमरेपर्यंत चिखल, हिरवं शेवाळ. "आधी शर्ट बदलतो, बाबा. पोरासमोर असं कसं जायचं?"

बाबा दोर गुंडाळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"असाच जा."