उतारावरची बस

विजेच्या गाड्या नवीन होत्या तेव्हाची गोष्ट. एक घाट होता; चढणारी प्रत्येक गाडी त्याला शिव्या द्यायची.

एक विजेची बस कशीबशी माथ्यावर पोचली. बॅटरी संपत आली होती, गाव लांब होतं. म्हातारा डिझेल ट्रक म्हणाला, "या घाटानं माझं आयुष्य खाल्लं. तू काही घरी पोचत नाहीस."

बस उतरू लागली. ती ब्रेक दाबी, तशी चाकांतून वीज तयार होऊन बॅटरीत भरत गेली. पायथ्याशी थांबून ती म्हणाली, "घाटदादा, तुमच्यामुळे घरी पोचेन."

मागून तो ट्रक ब्रेक जाळत, शिव्या देत उतरत होता. त्याच्याकडे बघत घाट म्हणाला, "त्यालाही मी तेवढंच देतो, पोरी. तू घेतलंस, बरं वाटलं."